सोयाबीन निघालं की

आश्विनातला दसरा सरला की लालबागचा आवाज बसतो. आधी गणपती, रांगा, लाऊडस्पीकर, मग नवरात्राचे नऊ दिवस, आणि एका सकाळी उठून बघावं तर रस्त्यावर नुसते बांबू. मंडपवाले दोऱ्या कापून बांबू आडवे टाकतात, खड्ड्यांत खडी भरतात आणि निघून जातात. समोरच्या टॉवरच्या काचा दहालाच तापतात. त्यांचं ऊन उलटं आमच्या चाळीवर पडतं. सूर्य एका बाजूला आणि चटका दुसऱ्या बाजूने, असे ते दिवस असतात. कबुतरंसुद्धा कठड्यावर चोची उघड्या टाकून बसलेली असतात.

गावाकडे, आमच्या हिंगोली भागात, याच दिवसांत सोयाबीन काढणीला येतं. लालबागला त्याचं काय? पण माझा फोन याच दिवसांत वाजायला लागतो. मी तो पिठाच्या डब्यावर ठेवते. आवाज बंद असला तरी तो थरथरतो आणि पत्र्याच्या झाकणावर एखाद्या किड्यासारखा इंच इंच सरकतो. पोळ्या लाटता लाटता मी त्याच्याकडे बघत राहते. नंबर ओळखीचा नसतो. पण कोण असणार हे ठाऊक असतं. कुणाच्या तरी घशात, गालात, छातीत काहीतरी असतं. श्रावणापासून असतं, कधी त्याच्याही आधीपासून. पेरणी, खुरपणी, फवारणी, काढणी असं करत करत ते दाबून ठेवलेलं असतं. शेत मोकळं झालं की माणसाला स्वतःचं शरीर आठवतं. मग कुणीतरी त्यांना सांगतं, परळला आपली एक बाई आहे, तिला फोन लावा.

ती बाई मी.

आणि आमच्या फळीवर मिक्सरचं रिकामं खोकं आहे. त्यात वॉरंटीच्या कागदांबरोबर आणखी एक कागद होता. त्यावर माझं नाव होतं. दवाखान्यातल्या डॉक्टरबाईंनी लिहिलेलं, तपासणीसाठी. हा तिसरा आश्विन. गेल्या आठवड्यापर्यंत तो मी दाखवलेला नव्हता.

परळशी माझी ओळख बापामुळे झाली. मी सातवीत होते. बापाच्या गालाला भोक पडलं होतं, पाणी प्यायला की त्यातून बाहेर यायचं. आई मी लहान असतानाच गेली होती. कशाने गेली ते घरात कुणी नीट सांगितलं नाही. छातीचं काहीतरी, एवढंच बायका बोलायच्या आणि मी जवळ गेले की गप्प व्हायच्या. अक्काचं लग्न झालं होतं, तिच्या पदरात दोन महिन्यांचं लेकरू. मग मला पाठवलं, कारण मला पाट्या वाचता येत होत्या. चुलत्याने आम्हाला दादरला उतरवून घेतलं, मोठ्या हॉस्पिटलच्या दाराशी आणून सोडलं आणि दुसऱ्या दिवशी तो परत गेला. शाळा तिथेच सुटली. शाळा सोडायची असं कुणी ठरवलं नव्हतं. मी परत गेले नाही, एवढंच.

आम्ही फुटपाथवर राहायचो. एका सकाळी मालवणी बोलणाऱ्या एक बाई पोळीभाजी वाटत आल्या. मला बघून थांबल्या. म्हणाल्या, "किती दिस आंघोळ नाय केलंस गो?" त्या परबकाकू. लालबागच्या चाळीत त्यांची पोळीभाजीची खोली होती. मला त्यांनी न्हाणीघर दाखवलं, साबण दिला, स्वतःच्या मुलीचा फ्रॉक दिला. आणि जाताना बजावलं, "तुका जेवण व्हया तर एकाच्या आत ये. दोन ते चार मी मेलंय असा समज."

मला ते फार लागलं होतं. एवढं देणारी बाई अशी कशी बोलते? एकदा बापाला उलट्या होत होत्या म्हणून मी अडीच वाजता दार वाजवलं. आतून आवाज नाही. परत वाजवलं, रडले. दार चारला उघडलं. काकूंनी डोक्यावरचा ओला फडका काढला, माझ्यासोबत चालत आल्या, बापाचं तोंड पुसलं, वॉर्डातल्या सिस्टरशी भांडून त्याला पलंग मिळवून दिला. रस्त्याने मला म्हणाल्या, "अडीचाक आलंय असतंय तर तुझ्याबरोबर रडत बसलंय असतंय. आता भांडलंय." मला तेव्हा त्यातलं काही कळलं नाही. बाप दिवाळीआधी गेला. मी काकूंच्या खोलीत पोळ्या लाटायला राहिले, ती आजपर्यंत. लग्न इथेच झालं. नवरा त्या काचांच्या टॉवरखाली गाड्या लावतो. काकू गेल्या वर्षी वारल्या. आता त्यांचं पोळपाट माझ्याकडे आहे. चाळीत माझी जी काही ओळख आहे ती काकूंच्या त्या साबणाच्या वडीपासून सुरू होते. हे मी विसरले तर मला जेवण जाऊ नये.

म्हणूनच पहिला फोन आला तेव्हा मला केवढा आनंद झाला होता. गावातला कुणीतरी हॉस्पिटलच्या आवारात हरवला होता. मी गेले, त्याला हाताला धरून केसपेपरच्या खिडकीपाशी नेलं. मग दुसरा आला, मग तिसरा. हळूहळू मला सगळं पाठ झालं. कुठला जिना कुठे जातो, कुठल्या खिडकीवर फोटोकॉपी लागते, रिपोर्ट कधी मिळतो. ओपीडीतले डॉक्टर मला ओळखायला लागले. म्हणायचे, "ताई, तुम्हीच सांगा त्यांना तुमच्या भाषेत." मग मी सांगायची. तणनाशक मारलं की पिकाची पानंही थोडी पिवळी पडतात की नाही? हे औषध तसंच. केस जातील, पण तण मरेल. म्हातारी माणसं माझ्याकडे बघून मान हलवायची. त्या वेळी मला जे वाटायचं ते मी कुणाला सांगितलं नव्हतं. सातवी सोडलेल्या बाईचं बोलणं कुणीतरी जिवाच्या कानाने ऐकतंय. त्यासाठी मी उपाशी राहायला तयार होते. राहतही होते.

आता त्या आश्विनाबद्दल लिहिते. तीन वर्षांपूर्वीच्या.

त्याची सुरुवात खरं तर श्रावणात झाली. माझ्याकडे एकाच वेळी तीन पेशंट होते. एकाला रक्त लागत होतं, एकाचा रिपोर्ट हरवला होता, एकाची बायको माझ्या पायरीवर बसून मोठ्याने रडत होती. तेवढ्यात फोन आला. गावाकडच्या आमच्याच गल्लीतली एक सून होती. म्हणाली, "ताई, छातीत गाठ हाय. पर दुखत न्हाई."

दुखत नाही. हे दोन शब्द ऐकले की मी एरवी हातातलं लाटणं खाली ठेवते. त्या दिवशी माझ्या तोंडून गेलं, "सोयाबीन निघालं की ये. तवर इकडं लई गर्दी हाय." गर्दी होती, ते खोटं नव्हतं. फोन ठेवला आणि मला हलकं वाटलं. आयुष्यात पहिल्यांदा मी कुणाला तरी थांब म्हणाले होते.

ती सून दसऱ्यानंतर आली. पुढचा श्रावण तिने बघितला नाही. मी डॉक्टरांना विचारलं, दोन महिने आधी आली असती तर? ते म्हणाले, फरक पडला असता की नाही ते सांगता येत नाही. नसता पडला असं ते म्हणाले असते तर बरं झालं असतं. पडला असता म्हणाले असते तरी मी एकदाच रडून मोकळी झाले असते.

पण माझं ते वाक्य तिच्यापाशी थांबलं नव्हतं. ते गावभर झालं. किराणा दुकानात, पिठाच्या गिरणीवर, लग्नाच्या पंगतीत. परळवाल्या ताईनं सांगितलंय, सोयाबीन निघालं की जायचं. जणू दवाखान्याचाच नियम. पेरणीची तारीख असते तशी दुखण्याची तारीख. त्या वर्षी आमच्या पंचक्रोशीत किती जणांनी त्या वाक्यावर विसंबून अंगातलं काय काय तसंच ठेवलं, मला माहीत नाही. मला एकीचं माहीत आहे.

अक्काने ते गिरणीवर ऐकलं.

ती आश्विनात आली. अगदी अचानक. ज्वारीचं पीठ, तुरीची डाळ, आणि कापडी पिशवी. म्हटलं, "काहून आलीस गं?" तर म्हणाली, "उगं आले. तुला बघावं वाटलं." मी तिला नीट बघितलंही नाही. त्या आठवड्यात आमच्या दहा बाय बाराच्या खोलीत आणि गॅलरीत मिळून तीन कुटुंबं होती. देवरावमामा आणि त्यांची बायको, एक आजोबा आणि त्यांचा जावई, आणखी एक नवरा-बायको त्यांच्या तीन पोरांसकट. माझा नवरा खाली वॉचमनच्या केबिनमध्ये झोपायचा. मी पहाटे लाईन धरायची, दुपारी पोळ्या, संध्याकाळी परत वॉर्ड. अक्काने आल्या आल्या पदर खोचला आणि भांड्यांना बसली. मी मनात म्हटलं, देवानेच धाडली.

आठ दिवस ती होती. आता ते आठ दिवस मला एकेक करून दिसतात, एखादं चित्र हळूहळू धुक्यातून वर यावं तसे. ती डावीकडे वळून झोपायची. भरलेलं पातेलं एका हाताने उचलायची. देवरावमामांची बायको रडायला लागली की अक्का तिच्या पाठीवरून हात फिरवायची आणि एकटक कुठेतरी बघायची. एकदा मी फोनवर कुणावर तरी ओरडत होते, "अवो, मी एकटी किती जणांचं बघू?" वळले तर अक्का दारात उभी. हातात ती कापडी पिशवी. म्हटलं, "काय गं?" म्हणाली, "काही न्हाई. जिऱ्याचं पाकीट बघायले."

काकू तेव्हा होत्या. त्यांनी मला जिन्यात अडवलं. "तुझ्या भयणीचो हात वर जायत नाय गो. दोरीवर कपडे घालताना बघलंस काय?"

मी म्हटलं, "शेतातलं काम, काकू. आखडला असेल."

फुटपाथवरच्या शंभर माणसांतून पेशंट कोण, नातेवाईक कोण हे मला चालण्यावरून ओळखता येतं. याचा मला गर्व होता.

नवव्या दिवशी मी तिला दादरला गाडीत बसवून दिलं. देवरावमामा आणि त्यांची बायको त्याच गाडीने परत निघाली होती. मी त्यांची फाईल अक्काच्या हातात दिली. म्हटलं, "तुझ्याजवळ ठेव, ते धांदरट आहेत." तिने ती पिशवीत घातली. पिशवीत आधीच एक फाईल होती. गाडी हलली तेव्हा ती खिडकीतून म्हणाली, "येळेवर जेवत जा." प्लॅटफॉर्मवर माझा फोन वाजत होता. मी तो उचलला आणि तिला हात करायचा राहून गेला.

माघात, हळद शिजवताना, वाफेत ती चक्कर येऊन पडली. भाऊजींनी उचलून तालुक्याला नेलं. डॉक्टरांनी हात लावून बघितलं आणि थेट परळचं नाव घेतलं. ती आली तेव्हा मी तिच्या पिशवीतली ती फाईल उघडली. पहिला कागद हिंगोलीच्या डॉक्टरचा. श्रावणातला. ताबडतोब पुढे दाखवावे, असं त्यावर लिहिलेलं. ताबडतोबखाली दोन रेघा.

मी ओरडले. हॉस्पिटलच्या जिन्यात, सगळ्यांसमोर. "आठ दिवस होतीस तू माझ्या घरात! आठ दिवस!"

"व्हते," अक्का म्हणाली. "तुपल्या दारात चपला मोजल्या. अकरा जोड. म्हणलं, आपला बारावा कशाला."

तिचं ऑपरेशन झालं. ती जगली. सहा-सहा महिन्यांनी दाखवायला येते. डॉक्टरबाईंनी तेव्हाच आमच्या आईचं विचारलं. छातीचं काहीतरी, एवढंच आम्हाला सांगता आलं. बाईंनी तो कागद लिहिला आणि त्या म्हणाल्या, "तुम्ही सख्खी बहीण ना? मग तुम्हीपण तपासून घ्या. उशीर करू नका."

त्यानंतर मी माझे नियम केले. फोन दोन ते चार. पोळ्या संपलेल्या असतात, तेव्हा. हॉस्पिटलात सोमवार आणि गुरुवार. घरी मुक्काम नाही, धर्मशाळेची चिठ्ठी मिळवून देईन. आणि कधी येऊ असं कुणी विचारलं तर उत्तर एकच, आज. लोक रागावले. देवरावमामांच्या जावयाने तोंडावर सुनावलं, "मोठ्या साहेब झालात, टायमिंग आलं तुमचं." मी घरी येऊन दोन पोळ्या करपवल्या. पण दुसऱ्या गुरुवारी मी लाईनीत उभी होते तेव्हा मला झोप येत नव्हती. पेशंटने काय सांगितलं ते मला नीट ऐकू येत होतं. काकूंचं बंद दार मला वीस वर्षांनी उघडलं. श्रावणात मी माझ्या थकव्याची रेघ दुसरीच्या अंगावर ओढली होती. ती माझ्या दिवसावर ओढायला हवी होती.

एवढं कळूनही त्या सगळ्या नियमांत मला कुठे जागा नव्हती. सोमवार त्यांचे, गुरुवार त्यांचे. माझा कागद खोक्यात. कधी वाटायचं, उद्या. कधी वाटायचं, एवढा आश्विन जाऊ दे, फोन कमी होऊ देत. आंघोळ करताना मी हात भरभर फिरवते. एका जागी तो जरा थांबतो. मग मी पाणी ओतते. तिथे काही असेल, नसेल. मी इतक्या बायकांना सांगितलंय की हाताने शोधू नका, दाखवा.

गेल्या आठवड्यात अक्का आली. तिची तारीख होती. सकाळी तिने चहा घेतला, भिंतीला टेकली आणि उठेचना.

"चल ना, लाईन लागली असेल," मी म्हटलं.

"तुपला कागद दाखीव आधी."

"अक्का, उगाच काय..."

"मी मपला दाखवणार न्हाई मग."

"तुला खोकला आहे पंधरा दिवस. तुझं जास्त..."

"हाव," ती म्हणाली. "बघू की. सोयाबीन निघालं की बघू."

ती हसत होती. मला तिचं तोंड दिसेनासं झालं. मी स्टुलावर चढून मिक्सरचं खोकं काढलं. कागद मुडपला होता, पण नाव वाचता येत होतं.

गुरुवार होता. गावाकडचे दोघे त्या दिवशी येणार होते. मी त्यांना सोमवारी या म्हटलं नाही. धर्मशाळेतल्या ताईंना फोन करून म्हटलं, आज त्यांच्यासोबत तुम्ही उभ्या राहा. त्या सहज हो म्हणाल्या. इतक्या वर्षांत मी त्यांना कधी विचारलंच नव्हतं.

आम्ही दोघी चालत निघालो. परळच्या पुलाखाली सावली होती तिथे कुणीतरी अंथरूण घालून झोपलं होतं, शेजारी एक मुलगी दोन वेण्या घालून बसली होती. मी फार थांबले नाही. पावाचा पुडा तिच्या हातात दिला, काकूंची पोळीभाजीची खोली कुठे ते सांगितलं, एकाच्या आत ये म्हणाले आणि पुढे गेले. अक्काला दम लागत होता. तिचा खोकला कोरडा आहे. तो ऐकू आला की मी मनात काहीतरी मोजते, काय ते मला माहीत नाही.

लाईनीत उभे असताना फोन थरथरला. पर्समध्ये. साडेनऊ वाजले होते. माझा हात गेलाच. अक्काने पर्स ओढून घेतली आणि फोन स्वतः उचलला.

"कोन बोलायलंय?... हाव, तिचाच फोन हाय. मी तिची बहीन... ती लाईनीत हाय... न्हाई, दुसऱ्याच्या न्हाई, तिच्या सोताच्या. दोनला लावा." मग ती थोडा वेळ ऐकत राहिली. तिचा चेहरा बदलला. "थांबायचं न्हाई बाई," ती हळू म्हणाली. "शेत ऱ्हाऊ द्या. आजच्या गाडीनं निघा. दोनला ताई सगळं सांगंल, पर तवर पिशवी भरून ठेवा."

तिने फोन बंद केला आणि पर्समध्ये खोल टाकला. लाईन एक पाऊल पुढे सरकली. मग आणखी एक. बाहेरच्या काचांचं ऊन आत येऊन फरशीवर पडलं होतं. माणसं त्याच्यावर पाय न देता त्याच्या कडेने सरकत होती, कुणी सांगितलं नसताना.

खिडकीतल्या बाई मला कितीतरी वर्षांपासून ओळखतात. माझ्या हातातला कागद त्यांनी न बघताच ओढून घेतला.

"काय ताई, आज कुणाला आणलंत? पेशंट कुठाय?"

मी सवयीने मागे वळून बघितलं.

मागे अक्का होती. तिने तिचा उजवा हात उचलला. तो खांद्याच्या वर जात नाही. जेवढा जातो तेवढा उचलून तिने माझ्याकडे बोट केलं.